नावं कापलेले कागद

भाटे सर आमच्याकडे भाड्याने खोली बघायला आले, तेव्हा त्यांनी खोली नाही बघितली, आधी दाराची कडी बघितली. वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. मग दार ओढून घेतलं आणि बाहेरून खांद्यानं ढकलून पाहिलं. आमच्या सासूबाई ओटीवर वाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, आमच्या गावात चोऱ्या होत नाहीत हो."

सर वळले आणि म्हणाले, "कोणी सांगितलं?"

सासूबाईंच्या हातातली वात हातातच राहिली. त्या घरात येऊन त्यांना चाळीस वर्षं झाली होती. असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

स्वातंत्र्य मिळून तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. आमचा तो कुलाबा जिल्हा. दिवेआगरला आमची नारळी-पोफळीची वाडी, आणि पंचक्रोशीत नवं हायस्कूल निघालेलं. भाटे सर तिथे दहावी-अकरावीला इंग्रजी शिकवायला आले होते. नेमणूक तात्पुरती. दोन वर्षं काम बघायचं आणि मग शाळेच्या समितीनं ठरवायचं, ठेवायचं की नाही. सरांची बायको आणि सहा महिन्यांची मुलगी पेणला होती. कायम झालो की त्यांना आणणार, असं पहिल्याच दिवशी त्यांनी ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी खोलीच्या आढ्याला मुलीच्या झोक्याचा आकडा ठोकून घेतला. ठोकल्यावर स्वतः दोन्ही हातांनी त्याला लोंबकळले! मी चहा घेऊन गेले तर मास्तर हवेत. मला हसू आवरेना.

"वहिनी, हसू नका. सुतार म्हणाला पक्का आहे. सुतार म्हणतो म्हणून मूल टांगायचं का?"

असा हा माणूस. काटकुळा, उंच, बारा महिने काखेत छत्री. छत्री उघडायच्या आधी तिच्यात डोकावून बघणार. दुधाचा पेला नाकाशी नेल्याशिवाय ओठाशी नेणार नाही. कोणी म्हणालं की आज भरती दहाला आहे, की विचारलंच, "कोणी सांगितलं?" समजा तो म्हणाला, कोळीवाड्यातल्या धर्मानं सांगितलं, तर पुढचा प्रश्न तयार, "आणि त्याला कोणी सांगितलं?" शेवटी स्वतः चप्पल घालून समुद्रावर जाऊन बघून यायचे. भरती दहालाच असायची. तरी मान हलवत परत यायचे, जणू समुद्रानंही काहीतरी लपवलंय.

मला वाटायचं, या माणसाला कशावर विश्वास असेल तो पुस्तकांवर असेल. तर तेही नाही. पुस्तकांवर तर सगळ्यांत कमी.

अकरावीला इंग्रजीचं कोणतं पुस्तक लावायचं, याची एक मंजूर यादी यायची म्हणे, आणि त्यातून शाळेनं निवडायचं. मग प्रकाशकांची माणसं पिशव्या घेऊन फिरायची. असा एक गृहस्थ आमच्या ओटीवर येऊन बसला. कोट घातलेला, घामाने निथळत होता बिचारा. मी पन्हं दिलं. त्यानं सरांपुढे पुस्तकांची चळत मांडली, वर आणखी उत्तरांची तयार पुस्तकं, आणि त्यावर एक शाईचं पेन, डबीतलं.

सरांनी पेन बाजूला सरकवलं आणि मधलंच एक पान उघडलं. "यात काय आहे?"

"एक फार सुंदर निबंध आहे सर. एक साहेब आपल्या बागेत फिरतो आणि त्याला विचार सुचतात."

"किती पानं सुचतात?"

"नऊ."

"आमच्याकडची मुलं बागेत नारळ गोळा करतात. त्यांना नऊ पानं सुचायला वेळ नसतो. हे त्यांना आवडेल, असं कोणी सांगितलं?"

"सर, सगळ्या मोठ्या शाळांनी लावलंय."

"आणि त्यांना कोणी सांगितलं?"

तो गृहस्थ उठला तसा पेन विसरून गेला. विसरून गेला कसला, ठेवून गेला. सर छत्री घेऊन त्याच्यामागे बस थांबते तिथपर्यंत धावले आणि चालत्या बसच्या खिडकीतून पेन आत टाकून आले. गावभर झालं ते. मला वाटलं, आता तरी लोक म्हणतील, माणूस सरळ आहे. पण आमचे तात्या, म्हणजे शाळेच्या समितीचे अध्यक्ष, मोठे वाडीवाले, पायरीवर काठी टेकून ह्यांना काय म्हणाले माहीत आहे? "पेन नाही घेतलं? मग दुसऱ्या कोणाकडून पेनाहून मोठं काहीतरी घेतलं असणार."

मग सरांनी स्वतःच गोष्टी निवडायला घेतल्या. यादीतली चार-पाच पुस्तकं मागवली, कुठून कुठून जुनी आणली, आणि त्यांतल्या कोणत्या गोष्टी अकरावीला शिकवायच्या ते ठरवायचं. ते कसं ठरवायचे, ते आम्हाला फार दिवस कळलं नाही, आणि त्यावरून केवढा घोळ झाला.

सुपारी वाळली की आम्ही बायका दुपारी घरापुढच्या खळ्यात सोलायला बसायचो. सासूबाई, मी, आणि कामाला येणारी आनंदी. सर रविवारी पायरीवर येऊन बसायला लागले. मांडीवर इंग्रजी पुस्तक, आणि वाचत वाचत आम्हाला मराठीत गोष्ट सांगायची. आम्हाला काय, बरंच वाटलं. पण सासूबाईंच्या एक ध्यानात आलं. मास्तर गोष्ट सांगताना आमच्या तोंडाकडे बघत नाहीत. हातांकडे बघतात. आणि मधेच पेन्सिलीनं पुस्तकात काहीतरी खूण करतात.

"हा आपल्या सुपाऱ्या मोजतो का गं?" सासूबाई आत येऊन मला म्हणाल्या.

आनंदी म्हणाली, "आजी, सुपाऱ्या न्हाय. त्यो हातच बघतो. बायकांचं हात बघनारा मानूस मला धड दिसत न्हाय."

माझ्याही मनात पाल चुकचुकली, खोटं कशाला बोलू. झालं, ह्यांच्या कानावर गेलं. ह्यांनी सरांना सरळ विचारलं, की बायकांत बसता ते ठीक, पण हातांकडे का बघता? सर लाल झाले. इतकं लाल झालेलं मी त्यांना त्या एकदाच पाहिलं. मग त्यांनी पुस्तक उघडून ह्यांच्या हातात दिलं. कडेला बारीक बारीक खुणा. "इथे तुमच्या आईंचे हात थांबले. इथे तिघींचे थांबले. ही सबंध गोष्ट, हात एकदाही थांबले नाहीत. ती बाद."

गोष्ट आवडली का, असं विचारलं की माणूस मास्तरांचं मन राखतो, असं त्यांचं म्हणणं. तोंड खोटं बोलतं, सुपारी सोलणारा हात बोलत नाही. ज्या गोष्टीला हात थांबले ती अकरावीला. एक होती, होडी बांधणाऱ्या म्हाताऱ्याची. त्याला कळतं की आपल्या डोळ्यांना आता फळीतली चीर दिसत नाही, आणि तो ते मुलापासून लपवतो. ती ऐकताना आनंदीच्या हातातली सुपारी घरंगळत पार तुळशीपर्यंत गेली, आणि ती उचलायलाही कोणी उठलं नाही. दुसरी एक होती, सरांची स्वतःची फार आवडती. ती सांगताना त्यांचा आवाज ओला झाला. आम्ही आपल्या सोलतोय. सरांनी तिच्यावर काट मारली आणि पुस्तक मिटलं.

मी म्हटलं, "सर, तुम्हाला आवडते तर राहू द्या की."

"मला आवडते म्हणूनच संशय येतो, वहिनी. माझा माझ्यावरही फारसा भरवसा नाही."

हे सगळं निभावलं. पण दुसऱ्या वर्षी सरांच्या डोक्यात नवीनच आलं. नुसत्या गोष्टींनी भागत नाही, म्हणाले. मुलगा अकरावी होतो, आणि घरी इंग्रजीत एक कागद आला तर तो घेऊन शेजारच्या बोर्लीला कोणाकडे तरी धावतो. तो कोणी जे सांगेल ते खरं. हे इंग्रजी काय कामाचं? म्हणून सर घरोघर जायला लागले. दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "घरात इंग्रजी कागद आहे का? कसलाही. थोडे दिवस द्या, परत आणून देतो."

आता तुम्ही दिवस कोणते ते लक्षात घ्या. कुळकायद्याचे दिवस. जमीन कोणाची, कसणाऱ्याची की मालकाची, यावरून सख्ख्या भावांत बोलणं बंद झालेलं. जुनी कागदपत्रं लोकांनी पिंपात, देवघरात, माळ्यावर दडवलेली. आणि अशात हा माणूस दारोदार कागद मागतो! मालकांना वाटलं हा कुळांचा माणूस. कुळांना वाटलं मालकांनी पाठवला. मोहल्ल्यात तर घरटी एक माणूस बोटीवर नोकरीला. त्यांना वाटलं, कोण कुठल्या बोटीवर आहे याची सरकार नोंद करतंय. अकरावीतल्या झुलेखाच्या आईनं दाराआडून विचारलं, "मास्तर, माझ्या पोरीचं नाव घातलंय ना शाळेत, आता परत कागुद कसला मागता?" झुलेखानंच आईला समजावलं तेव्हा तिनं बापाचं बोट कंपनीचं एक पत्र दिलं. तसे हळूहळू थोडे आले. औषधाच्या बाटलीबरोबरचे कागद, खताच्या गोणीवरचा छापील तुकडा, लाँचचं वेळापत्रक, तारा. मी माझ्या शिवणयंत्राबरोबर आलेला कागद दिला. त्यात यंत्र कसं चालवायचं ते होतं म्हणे, आणि खाली यंत्र मिळाल्याबद्दल ह्यांची सही होती.

तात्यांनी काही दिलं नाही. उलट ह्यांना म्हणाले, "तुझ्या घरात राहतो. लक्ष ठेव."

ह्यांनी नाही ठेवलं. मी ठेवलं.

आता हे लिहायला नको वाटतं, पण लिहिते. सर शाळेत होते, मी खोली झाडायला गेले होते, आणि त्यांची पत्र्याची ट्रंक उघडी होती. ज्या माणसानं आयुष्यात एक कडी दोनदा तपासल्याशिवाय सोडली नाही, त्याची ट्रंक उघडी. मी झाकण वर केलं. आत गावचे कागद, एकेक पुठ्ठ्याला टाचणीनं लावलेला. आणि प्रत्येकाला भोकं! चौकोनी, ब्लेडनं कापलेली, अगदी सफाईदार. माझ्या शिवणयंत्राचा कागद वरच होता. ह्यांची सही होती तिथे खिडकी. पलीकडे एक पाकीट. ते उघडलं तर त्यात सगळ्या गावाची नावं आणि सह्या, कापलेल्या, चिंचोक्यांसारख्या. ह्यांचीही.

त्या दिवसांत कोणाची सही कोणाच्या हाती पडणं म्हणजे काय, ते आज नाही समजायचं. सही गेली म्हणजे वाडी गेली. मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी तात्यांना सांगितलं. आणि तिसऱ्या दिवशी, नेमकी सरांना कायम करायचं की नाही हे ठरवायची बैठक होती, ती तात्यांनी शाळेत न घेता आमच्या ओटीवर घेतली.

दुपारी चारची वेळ. तात्या झोपाळ्यावर, समितीचे दोघे चटईवर, हे खांबाला टेकून. मी माजघराच्या दाराआड. सर शाळेतून आले, चपला काढल्या, आणि जमलेल्या सगळ्यांकडे एकेक करून बघितलं.

तात्या म्हणाले, "मास्तर, ट्रंक आणा बाहेर."

सरांनी आणली. स्वतःच उघडली. पाकीट झोपाळ्यावर तात्यांपुढे ठेवलं.

"सह्या कशाला कापल्यात?"

"कागद वर्गात मुलांपुढे जातात. कोणाच्या घरी काय आजार आहे, कोणाचा मुलगा कुठे आहे, ते चाळीस मुलांना कशाला कळायला हवं? म्हणून नावं काढली. प्रत्येक तुकड्याच्या मागे आकडा आहे, तोच पुठ्ठ्याच्या मागे आहे. परत देताना चिकटवून द्यायचे."

"हे आम्ही खरं कशावरून मानायचं?"

सर हसले. खरंच हसले. "अगदी बरोबर विचारलंत. मानू नका. बघा."

समितीतल्या एकानं पाचसहा तुकडे जुळवून पाहिले. जुळले. पण तात्या ऐकणारे नव्हते. "बरं, समजा. पण या फाटक्या कागदांनी पोरं शिकली काय? की पोपटासारखं पाठ करून घेतलंय?" आणि त्यांनी रस्त्याकडे बघितलं. शाळा सुटून मुलं घरी चालली होती. तात्यांनी त्यांतलं सगळ्यांत बारकं, सगळ्यांत घाबरलेलं निवडलं. ती झुलेखा होती.

"ये गो इकडे. अकरावीत ना तू?" मग तात्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी काढली. "हे वाच. हा कागद तुझ्या मास्तरानं पाहिलेला नाही."

औषधाचा कागद होता तो. तात्यांची बायको माई पाच-सहा महिने अंथरूण धरून होत्या. मुंबईच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या. दिवसभर झोपायच्या, उठल्या की भिंत धरायच्या. तात्या तो कागद खिशात घेऊन का फिरत होते, देव जाणे.

झुलेखा वाचायला लागली. मनातल्या मनात, ओठ हलवत. एका शब्दाशी अडली. मी दाराआडून सरांकडे बघत होते. मला वाटलं आता सांगतील. ते तिच्याकडे इतक्या संशयानं बघत होते, की मला वाटलं हिला येत नाही हे त्यांना आधीच ठाऊक आहे. तिनं मागचं वाक्य पुन्हा वाचलं, पुढचं वाचलं, आणि मान वर केली.

"तात्या, माईंना गोळ्या किती देता?"

"तीन. सकाळ, दुपार, रात्र."

"यात एक लिहिलीय. झोपायच्या आधी, एकच. जास्त झाली तर चक्कर येते, झोप सुटत नाही, असं खाली लिहिलंय. तीन कोणी सांगितलं?"

तिनं ते मुद्दाम नव्हतं विचारलं. दोन वर्षं वर्गात ऐकून ऐकून तिच्या तोंडात बसलं होतं ते. तात्या म्हणाले, "औषधांच्या दुकानातल्या माणसानं," आणि त्यांचा आवाज असा निघाला की मला त्यांची कीव आली. त्यांनी कागद घेतला, त्याची घडी काही नीट होईना. तसाच खिशात कोंबून ते चालू पडले. काठी विसरले.

आठवडाभरात माई अंगणात दिसल्या. फिकट, पण उभ्या. मी मनात म्हटलं, आता सर कायम झाले. झोका टांगायला किती दिवस, एवढाच प्रश्न.

आणि तात्या एका सकाळी काठी न्यायला आले तेव्हा ह्यांना म्हणाले, "मास्तर खरा आहे रे. म्हणूनच नको."

हे म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! आज त्या पोरीनं माझ्या बायकोचं औषध वाचलं, चांगलं केलं, तिचं कल्याण होवो. उद्या माझ्या खिशातला दुसरा कागद वाचेल. गावातलं प्रत्येक पोर वाचेल आणि विचारेल, कोणी सांगितलं. मग तू आणि मी काय सांगायचं?"

समितीनं सरांना कायम केलं नाही. पुढच्या वर्षी त्या कोटवाल्या गृहस्थाचं पुस्तक लागलं, नऊ पानी बागेसकट. उत्तरांची तयार पुस्तकंही आली, आणि मुलं ती पाठ करून पास झाली.

जायच्या आधी सरांनी चार दिवस खोलीत बसून पिठाची खळ केली आणि सगळ्या कागदांत नावं परत बसवली. एकेक तुकडा मागचा आकडा दोनदा बघून. मग काखेत छत्री, हातात पिशवी, आणि घरोघर. आधी ज्यांनी दार लोटून घेतलं होतं, तेही आता ओटीवर बसा म्हणाले. सर कुठे बसले नाहीत. कागद द्यायचे आणि म्हणायचे, "सगळं आहे ना, बघून घ्या. माझ्यावर विसंबू नका."

माझा कागद सगळ्यांत शेवटी दिला. बस यायची होती, ट्रंक ओटीवर होती, सासूबाई दह्याची वाटी घेऊन उभ्या होत्या. मी कागद उजेडाला धरला तेव्हा कुठे सांधा दिसला, केसाएवढा. ह्यांची सही जिथल्या तिथे. पुढे कितीतरी वर्षांनी मुलीच्या शाळेच्या पुस्तकांवरून मी इंग्रजी अक्षरं लावायला शिकले, तेव्हा सगळ्यांत पहिला तो कागद वाचला. सुई कशी बसवायची, तेल कुठे सोडायचं. तोपर्यंत मी तेल चुकीच्या जागी सोडत होते.

पण त्या दिवशी माझं लक्ष कागदात नव्हतं. ट्रंकेचं गावात कळलं कसं, हे सर आता विचारतील, असं मला वाटत होतं. तीन दिवस, आठ दिवस, वाट बघत होते. ओटीवरची बैठक झाली त्या संध्याकाळी विचारतील वाटलं. तात्या काठी घेऊन गेले तेव्हा वाटलं. उत्तर मी जुळवून ठेवलं होतं, आणि ते खरं उत्तर होतं.

मी म्हटलं, "सर, ते ट्रंकेचं..."

सरांनी सासूबाईंच्या हातातली दह्याची वाटी घेतली. नाकाशी न नेता, तशीच तोंडाला लावली. मग खोलीचं दार ओढून घेतलं, कडी वर केली, खाली केली, पुन्हा वर केली.

"बस वेळेवर आहे, असं ऐकलं. म्हणजे उशीर आहे," ते म्हणाले. "वहिनी, आकडा काढू नका. पक्का आहे."

आणि गेले. पोफळींच्या मधल्या वाटेनं, छत्री काखेत, एका हातात ट्रंक. वळणावर थांबून त्यांनी ट्रंकेची कडी ओढून पाहिली, आणि मग दिसेनासे झाले. भरतीला, दुधाला, सुताराला, साऱ्या जगाला जो प्रश्न त्यांनी विचारला, तो मला एकदाही विचारला नाही.